आमच्या हॉलमधला कसारा घाट

गेल्या दसऱ्याला आमच्या हॉलमधला कसारा घाट वाहतुकीसाठी पूर्णपणे बंद झाला.

बाहेरचा खरा घाट चालू होता. म्हणजे नेहमीसारखा तुंबलेला होता, पण चालू होता. बंद पडला तो नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमधला, टीव्हीच्या शेजारचा, शोकेसच्या खालचा घाट. आणि तो बंद पाडण्याचं श्रेय निर्विवादपणे माझं आहे. (निर्विवादपणे माझी म्हणावी अशी घरात ही एकच गोष्ट. फ्लॅटसुद्धा जॉइंट नावावर आहे.)

आमचे वडील, अप्पा, एसटीचे ड्रायव्हर. रिटायर होऊन जमाना झाला, पण अंगातली गाडी काही डेपोत लागली नाही. बाथरूममधून बाहेर पडताना आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे बघतात, मग पाऊल टाकतात. माझी बायको वैशाली ताटात आमटी वाढायला लागली की म्हणतात, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बस्स!" आणि ताटावर दोनदा थाप मारतात. सगळ्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. त्याबद्दल त्यांना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता. तो शोकेसमध्ये मधोमध असतो. माझा बी.कॉम.चा फोटो त्याच्या मागे असतो.

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गुडघे बोलायला लागले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. स्कूटरची किल्ली मीच काढून घेतली. तेव्हापासून अप्पा गॅलरीत बसून खालच्या रहदारीला शिव्या घालायचे. रिक्षात मागे बसले तरी उजवा पाय खाली रोवून ब्रेक दाबायचे. एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "बाबा, गाडी मी थांबवली की तुम्ही?" अप्पा म्हणाले, "मी." मला फार वाईट वाटायचं. शेवटी बाप आहे.

यावर इलाज काढला माझ्या मुलीने. सायली इंजिनिअरिंगला आहे आणि अभ्यास सोडून उरलेला सगळा वेळ कॉम्प्युटरवर गेम खेळते. (अभ्यासाला किती वेळ उरतो ते मी विचारत नाही.) तिने मैत्रिणीकडून एक वापरलेलं स्टिअरिंग आणलं. त्याच्याबरोबर खाली पायाशी ठेवायची पेडलंही होती. मग बस चालवायचा एक गेम टाकला आणि कुण्या हौशी गड्याने बनवलेला नाशिक ते कसारा रस्ता शोधून काढला. वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी, घाट, सगळं त्यात! गाडीसुद्धा लाल.

"हा काय पोरखेळ!" अप्पा म्हणाले.

आठवडाभरात पोरखेळाचं वेळापत्रक तयार झालं. सकाळी चहा झाला की अप्पा खाकी शर्ट चढवायचे. कॉम्प्युटरच्या डब्याभोवती एक चक्कर मारायचे, त्याला टायर असल्यासारखी खालून एक लाथ हाणायचे (सायली कळवळायची), खुर्चीला नमस्कार करायचे आणि गाडी बाहेर काढायचे. घरात पुन्हा हॉर्न वाजायला लागला. वैशाली म्हणाली, "अहो, अप्पा दोन पोळ्या जास्त खायला लागलेत." मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

घोडं घाटात अडकलं. इगतपुरी सोडून घाट सुरू झाला, पाऊस आणि धुकं आलं, की पडद्यावरचं चित्र अडखळायला लागायचं. गाडी थोडी पुढे, मग थांब, मग एकदम उडी.

"सायली, गाडी आचके देतीये. डिझेलमध्ये पाणी आलंय."

"डिझेल नाही अप्पा, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. चित्र काढायचं काम त्याचं असतं. एवढी झाडं, एवढं धुकं त्याला झेपत नाही. आपण धुकं बंद करू. पाऊस पण काढून टाकू. झाडं थोडी कमी करू."

"धुकं नाही, पाऊस नाही, झाडं नाही! मग त्याला घाट कशाला म्हणायचं? आपल्या बिल्डिंगचं पार्किंग म्हण की!"

आणि नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी अप्पांनी फोनवर एक पैज लावून टाकली.

समोर होते दगूनाना. नामपूरकडचे, अप्पांच्याच डेपोतले ड्रायव्हर, आणि अप्पांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. दगूनानांना विनाअपघाताचा बिल्ला मिळाला नव्हता, कारण त्यांच्या खात्यावर एक म्हैस होती. अजूनही म्हशीचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो. "म्हैस माझ्या गाडीवर येऊन आदळली, मी म्हशीवर नाय! गाडी उभी व्हती माझी, उभी!" पण निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. तेव्हापासून अप्पांच्या बिल्ल्याकडे ते, दुसऱ्याच्या ताटातल्या पुरणपोळीकडे बघावं, तसे बघतात.

"रामभाऊ, तुह्या टायमाला घाट रिकामा व्हता रे," दगूनाना फोनवर म्हणाले. "धुक्यात, पावसात, गर्दीत गाडी काढून दाखव, मग बिल्ला मिरव."

"ये दसऱ्याला! माझ्या घरी ये, सगळ्यांसमोर घाट उतरून दाखवतो. गाडीला ओरखडा जरी आला, तर बिल्ला तुझ्या शर्टाला लावून देईन!"

फोन ठेवल्यावर अप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सुन्या, तेवढे गाडीचे आचके बघ रे काहीतरी."

बापाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे यंत्राचं काम दिलं! माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. दुकानात गल्ल्यामागे मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे: 'आधी लोड मोजा, मग इन्व्हर्टर घ्या.' येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी या विषयावर चहा पाजून व्याख्यान देतो. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंमधलं मला कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मी मेव्हण्याकडे गेलो. त्याच्या मुलाने नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं आणि जुनं कपाटात पडून होतं. ते घेऊन आलो आणि सायलीसमोर ठेवलं.

"हे पण बसव. एक कार्ड थकतं ना? दोन लाव. जोर डबल!"

सायलीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाबा, असं नसतं! आपलं कार्ड हिरव्या खोक्यातलं, हे लाल खोक्यातलं. दोन्ही वेगळ्या कंपन्यांची. एका डब्यात बसतील, चालू पण होतील, पण गेम एकाच कार्डावर चालेल. दुसरं नुसतं बसून राहील. ती एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत!"

"मग ओळख करून दे की!"

"लाल आहे ना? मग चांगलं असणार," अप्पा मध्येच म्हणाले.

"अहो," वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिऱ्हाइकांना तर तुम्ही ओरडून सांगता, जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नका म्हणून."

"ती बॅटरी! हे कार्ड!" मी असं काही ठणकावून म्हणालो की मला स्वतःलाही पटलं.

बिचाऱ्या सायलीने बसवून दिलं. डब्यात दोन्ही कार्डं एकाखाली एक, अगदी दाटीवाटीने, एसटीत तिघांच्या सीटवर पाचवा येऊन बसावा तशी. बटण दाबलं. दोघांचे पंखे फिरले, दिवे लागले. अप्पांनी इगतपुरी सोडली, धुकं आलं आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखीच आचके द्यायला लागली.

"मला तरी धुकं जास्त चांगलं दिसतंय," मी म्हणालो.

"बाबा, तू चष्मा पुसलेला नाहीस."

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण मी पडलो हट्टी. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक चुणचुणीत पोरगं सांगत होतं की एक छोटासा प्रोग्रॅम टाकला की भिन्न जातीची दोन कार्डंसुद्धा एका कामाला लागतात. पहिलं कार्ड चित्रं काढतं, दुसरं मधल्या मोकळ्या जागी आणखी चित्रं भरतं, आणि बघणाऱ्याला सगळं सुरळीत दिसतं. मला एकदम पटलं. आमच्या घरात वैशाली संसार करते आणि मी मधल्या मोकळ्या जागा भरतो, तसंच हे!

खंडेनवमीला सायली कॉलेजला गेली असताना मी तो प्रोग्रॅम गुपचूप टाकला. अप्पांना बसवलं. गाडी नाशिकमधून निघाली आणि काय सांगू! लोण्यातून सुरी! वाडीवऱ्हे गेलं, घोटी गेली, एकही आचका नाही.

"वा रे पठ्ठ्या!" अप्पांनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. "आज वर्कशॉपने काम केलं!"

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू? दहावीला पास झालो तेव्हाही अप्पा एवढे खूश झाले नव्हते. (तेव्हा ते म्हणाले होते, "पोहोचली एकदाची गाडी. लेट, पण पोहोचली.")

"आता घाटात घालून बघू," मी म्हणालो.

"घाट उद्या. मुहूर्तावर, दगूसमोर."

संध्याकाळी सायली आली, तिने बघितलं आणि तीही चकित झाली. "अरे, खरंच स्मूथ झालंय! पण बाबा, आता दोन्ही कार्डं वीज ओढणार. आणि आपला पॉवर सप्लाय एका कार्डापुरताच आहे. घाटात दोघांनी एकदम जोर लावला तर तो मान टाकेल. तू लोड मोजलास का?"

"सायली! लोडचं तू मला शिकवतेस? तुझ्या बापाचा धंदा आहे तो!"

"म्हणजे मोजलास?"

"अंदाज आहे मला!"

आता दसरा. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा म्हणजे अप्पांचं खातं. नोकरीत असताना ते एसटीला असं सजवायचे की प्रवासी आधी पाया पडायचे आणि मग चढायचे. कॉम्प्युटर हीच आता त्यांची गाडी, म्हणून तिची पूजा आलीच. वैशालीने हळद-कुंकू वाहिलं. मी झेंडूची भली मोठी माळ डब्यावर घातली. सायलीने किंचाळून ती पंख्याच्या जाळीवरून काढली आणि स्टिअरिंगला बांधली. नारळ मी बाल्कनीत फोडला. (तेवढी अक्कल होती.)

"आता चाकाखाली लिंबू," अप्पा म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कॉम्प्युटरला चाक कुठून आणणार?

"खुर्चीला चाकं आहेत," वैशाली म्हणाली.

"खुर्ची म्हणजे गाडी नव्हे," अप्पा म्हणाले.

तेव्हा पुन्हा एकदा माझं डोकं चाललं. मी म्हणालो, "पेडलच्या मागे ठेवू! अप्पांनी पाय दिला की लिंबू फुटेल. शास्त्र पूर्ण!" सगळ्यांना पटलं. पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं असतात, म्हणून मी आडवा पडून दोन पेडलांच्या मागे, खालच्या फटीत, दोन लिंबं सारली. एक अ‍ॅक्सिलरेटरच्या मागे. दुसरं ब्रेकच्या मागे.

"ते दुसरं जरा कडक आहे हं," वैशाली म्हणाली.

"गाडीचा जोर आहे त्याला!" मी म्हणालो. आडवा पडलो की मला असंच काहीतरी सुचतं.

पाहुणे आले. पुढे दगूनाना, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यात. मागे तांबोळी चाचा. चाचा येवल्याचे, अप्पांच्या गाडीवरचे कंडक्टर. त्या दोघांनी एवढी वर्षं एकत्र काढली की अजूनही अप्पा जांभई देतात आणि चाचा तोंडावर हात धरतात. सोनं देऊन झालं, गळाभेटी झाल्या. चाचांनी खिशातून तिकीट टोचायचा जुना चिमटा काढला आणि टकटक वाजवत आपट्याच्या पानांना भोकं पाडून प्रत्येकाला एकेक दिलं. "चलो, कसारा, कसारा! सुट्टे द्या, मॅडम," ते वैशालीला म्हणाले. सगळे सोफ्यावर बसले. अप्पांनी शोकेसमधून बिल्ला काढून शर्टाला लावला. दगूनानांनी तो बघितला, न बघितल्यासारखं केलं आणि परत बघितला.

"हाई काय शे?" त्यांनी डब्यातल्या दोन कार्डांकडे बोट दाखवून विचारलं.

"डबल इंजिन!" मी छाती काढून म्हणालो.

बेल कुठली वाजवायची? चाचांनी देवघरातली घंटा उचलली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. टिंग टिंग! अप्पांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला. पच्‌! लिंबू फुटलं आणि त्याची चिळकांडी थेट दगूनानांच्या पांढऱ्या लेंग्यावर गेली.

"शुभ असतंय," अप्पा समोर बघत म्हणाले.

गाडी निघाली. काय ती ऐट! एक हात स्टिअरिंगवर, एक कोपर नसलेल्या खिडकीवर. वाडीवऱ्ह्याला चाचांनी काल्पनिक माणसं चढवली, घोटीला उतरवली. दगूनाना बारीक नजरेने बघत होते.

"ब्रेक नाय लावला अजून," ते मान डोलावत म्हणाले. कौतुक करायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

"सपाटीला ब्रेक लावतो तो शिकाऊ," अप्पा म्हणाले.

इगतपुरी गेली. घाट लागला. धुकं उतरलं, पाऊस सुरू झाला, झाडं दोन्ही बाजूंनी वाकली. आणि चित्र? तुपासारखं! डब्यातले पंखे मात्र आता गिरणीसारखे ओरडायला लागले होते. सायलीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

पहिला उतार आला. अप्पांनी ब्रेकवर पाय ठेवला.

ब्रेक खाली गेलाच नाही.

अप्पांनी परत दाबला. परत दाबला. गाडी आणखीच सुटली.

"सुन्या, ब्रेक लागत नाय!"

"दाबा ना नीट!"

"अरे, जन्मभर ब्रेकच दाबला मी! लागत नाय म्हणतो ना!"

"गिअर पाड, रामभाऊ, गिअर!" दगूनाना पैज विसरून सोफ्यावरून उठले.

"पडत नाय! लय स्पीड झाला!"

चाचांनी घंटेचा एक टोला दिला. टिंग! गाडी थांबेना. टिंग! टिंग! "अरे चाचा, दोन नका देऊ, दोन म्हणजे चला!" मी ओरडलो. वैशाली भज्यांचं ताट घेऊन आली आणि पडदा बघून तिथेच थिजली. पहिलं वळण अप्पांनी कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही सगळे सोफ्यासकट डावीकडे कललो.

"हँडब्रेक! बाबा, हँडब्रेक! कीबोर्डवर आहे!" सायली मागून ओरडली.

मी झेप घेतली आणि दिसलं ते बटण दाबलं. वायपर जोरात फिरायला लागले. दुसरं दाबलं. हॉर्न! तिसरं दाबलं. धावत्या गाडीचं दार उघडलं.

"या अल्ला! पॅसेंजर पडतील!" चाचांनी सोफ्याचा हात घट्ट धरला.

"सुन्या, बाजूला हो, मला रस्ता दिसत नाय!"

मी बाजूला झालो. झालो नसतो तर बरं झालं असतं, कारण आता रस्ताच नव्हता. समोर वळण होतं, आणि त्या वळणावर कठडा घालायला तो नकाशा बनवणारा गडी विसरला होता. पुढचं चाक रस्ता सोडून गेलं. मग मागचं गेलं. समोर नुसतं पांढरं धुकं. अप्पांनी स्टिअरिंग सोडलं नाही, पण डोळे मिटून घेतले.

टक्‌!

सगळं काळं. पडदा काळा, डब्यातले दिवे गेले, पंखे हळूहळू दम सोडत थांबले. घरात फक्त कढईतलं तेल तडतडत होतं.

अप्पा तसेच बसून होते. मग त्यांचा हात सावकाश छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला. त्यांनी पिन काढली. ज्या माणसाने सगळ्या नोकरीत कोंबडी मारली नाही, त्याला मी माझ्या हॉलमध्ये दरीत ढकललं होतं.

"घे, दगू," अप्पा म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

दगूनानांनी हात पुढे केला. मग मागे घेतला. परत पुढे केला. शेवटी दोन्ही हात पाठीमागे बांधून ते म्हणाले, "नाय. पंचनामा झाल्याबिगर निकाल नाय. माझ्या म्हशीच्या टायमाला कोणी पंचनामा नाय केला, सरळ माझ्या नावावर टाकली. तसं तुह्यावर नाय होऊ देणार. ए पोरी, चालू कर ते."

सायलीने मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. गेम उघडला आणि पडद्यावर इगतपुरीचं स्टँड आलं. फलाटावर लाल गाडी, एकदम शांत उभी.

"जिथं शेवटचं सेव्ह झालं होतं तिथून चालू होतं," सायली म्हणाली.

दगूनाना पडद्याला नाक लावून गाडी तपासायला लागले. सायलीकडून ती चारी बाजूंनी फिरवून घेतली. बंपर बघितला, काचा बघितल्या, छत बघितलं. "ओरखडा नाय."

"पण मी दरीत गेलो होतो, दगू," अप्पा म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही.

"गाडी रस्ता सोडून निघाली, मान्य," तांबोळी चाचा पुढे झाले. "लेकिन खाली पडली का? कुणी बघितली? हवेत गाडीला काय लागणार, रामभाऊ? कावळा? पडायच्या आत इंजिन बंद झालं. याला अ‍ॅक्सिडेंट नाही म्हणत. याला ब्रेकडाऊन म्हणतात!"

"बराबर!" दगूनानांनी मांडीवर थाप मारली. "अपघात ड्रायव्हरच्या नावावर. ब्रेकडाऊन वर्कशॉपच्या नावावर. डेपोचा कायदाच हाय तो!"

अप्पांनी मान वर केली. चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. "मग वर्कशॉपला कोण होतं?"

तिघांनी सावकाश माझ्याकडे बघितलं. सायलीनेही बघितलं. वैशाली आधीपासून बघतच होती.

"दोन कार्डांनी एकदम वीज ओढली, पॉवर सप्लायला झेपलं नाही," सायली म्हणाली. "मी बाबाला विचारलं होतं, लोड मोजलास का."

"आणि याच्या दुकानात पाटी आहे," अप्पा दगूनानांना म्हणाले. "लोड मोजा म्हणून. मोठी पाटी!"

"पण ब्रेक?" मी शेवटचा प्रयत्न केला. "ब्रेक काही कार्डामुळे गेला नाही! त्यात माझी काय चूक?"

तेवढ्यात वैशाली खाली वाकली, ब्रेकच्या मागे हात घातला आणि एक हिरवंगार, कडक, अखंड लिंबू बाहेर काढून माझ्यासमोर धरलं.

त्यानंतर जे हसू फुटलं, ते वरच्या मजल्यावरचे लोक चौकशीला येईपर्यंत थांबलं नाही. दगूनाना तर लेंग्यावरचा लिंबाचा डाग दाखवून दाखवून हसत होते. "वर्कशॉपने ब्रेक काढला, वर्कशॉपने दार उघडलं आन्‌ वर्कशॉपनेच इंजिन बंद पाडलं! रामभाऊ, एवढं करून तू जिता कसा?" मला शिक्षा म्हणून उरलेली सगळी भजी तळायला लावली. मी तळून आणली तेव्हा बिल्ला दगूनानांच्या शर्टावर होता. अप्पांनीच लावला होता, चहा होईपर्यंत. म्हशीची चूक होती, असाही निकाल त्या बैठकीत लागला. दगूनाना बिल्ल्यावर बशीतला चहा सांडू नये म्हणून मान लांब करून पीत होते.

दुसऱ्या दिवशी सायली स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसली. "अप्पा, ते दुसरं कार्ड मी काढून टाकते. म्हणजे परत कधी बंद पडणार नाही."

"हात लावू नकोस!" अप्पा ओरडले. "राहू दे ते तिथंच. घाटात दोन ब्रेक लागतात."

"दोन?"

"एक माझ्या पायाखाली आणि दुसरा आमच्या सुन्याची अक्कल. पायाखालचा एखाद्या वेळी फेल होईल. पण सुन्याची अक्कल ऐन वेळी बंद पडते, याचा मला त्याच्या जन्मापासूनचा अनुभव आहे. काल तिच्यामुळेच तर वाचलो!"